वर की वरचं

नवीन ओळखपत्र गळ्यात अडकवून टाकेबाई इस्पितळाच्या व्हरांड्यातून निघाल्या, आणि त्यांची चाल बघून लिफ्टवाल्याने लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं.

"काय टाकेबाई, आज पाय जमिनीला लागत नाहीत ते?"

"वाचा की," म्हणत त्यांनी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं.

कार्डावर त्यांचा दचकलेला फोटो होता. त्याच्याखाली हुद्द्याच्या जागी आजवर 'शिवणकाम' असा साधा सरळ शब्द असायचा. आता तिथे इंग्रजी शब्द आला होता, आणि तो इतका लांब होता की एका ओळीत मावला नव्हता. मधेच तोडून त्याचं शेपूट खालच्या ओळीत टाकलं होतं. लिफ्टवाल्याने डोकं वाचलं, शेपूट सोडून दिलं.

"सुपर आहे सुपर. सुपरवायझरच्या जातीतलं काहीतरी. पोचलात तुम्ही."

"सुपर-न्यु-म-र-री," टाकेबाईंनी अक्षर अक्षर लावून दाखवलं. सकाळपासून त्यांनी तो शब्द पाठच केला होता. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला इंग्रजी अक्षरं जुळवता येतात, पुढे अर्थ हाती लागेलच असं नाही. पण 'सुपर' कळायला शाळा कशाला लागते? साबणाच्या वडीवरही ते लिहिलेलं असतं.

टाकेबाई म्हणजे इस्पितळाच्या तळघरातल्या शिवणखोलीतल्या बाई. फाटलेल्या चादरी, उसवलेल्या उशा, तुटलेल्या नाड्या, ऑपरेशनच्या झग्यांचे निघालेले बंद, सगळं त्यांच्याकडे यायचं. नाव पाडलं होतं एका म्हाताऱ्या सर्जनने. तो म्हणायचा, आम्ही घातलेले टाके आठवड्यात काढावे लागतात, या बाईचे टाके चादर विरली तरी निघत नाहीत. तेव्हापासून त्या टाकेबाई, त्यांचं खरं नाव पगारापुरतं. नवरा बसच्या डेपोत टायरची पंक्चर काढायचा. तो पाहुण्यांना ऐटीत सांगायचा, "आमच्या घरात दोघंही भोकं बुजवून खातात."

शिवणखोलीत त्यांचं काळं पायमशीन होतं. रोज सकाळी चाकाला हात लावण्याआधी त्या डोळे मिटून देवाचं नाव घेत, मग दोऱ्याचं टोक ओठात ओलं करत. हा क्रम त्यांनी तरुणपणापासून कधी मोडला नव्हता. कुणी बघत असेल तर नाव मनातल्या मनात, एवढाच फरक.

त्या संध्याकाळी नवऱ्याने आइस्क्रीमचा डबा आणला. वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, बसल्या, त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं.

"हाताखाली किती माणसं मिळाली ग?"

"अजून सांगितलं नाही."

"मग आहेस कुणाच्या वर?"

"कळेल की जाऊबाई. आजच तर कार्ड आलंय."

"नाही, मी आपलं विचारलं. सुपर म्हणजे कुणाच्या तरी वर असणार ना." जाऊबाईंनी वाटी पुढे केली. "घाल अजून थोडं. सुपरबाईंच्या घरचं आहे."

मुलगी नर्सिंगच्या शाळेतून सुट्टीवर आलेली होती. तिने कार्ड बघितलं आणि तिचा चमचा वाटीतच राहिला. ती उठून रिकाम्या वाट्या गोळा करायला लागली. टाकेबाई तिच्या मागोमाग ओट्याशी गेल्या, कारण ही पोरगी न सांगता वाट्या उचलणारी नव्हती.

"आई, तू हे कुणाकुणाला दाखवलंस?"

"सगळ्यांना. का ग?"

मुलीने नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "सुपर म्हणजे वर, ते बरोबर आहे. पण इथे तो 'वर' नाही, 'वरचं' आहे. समज, अमुक इतकी माणसं हवीत असं ठरलं, तेवढी मोजून भरली, आणि त्याच्यावर एक उरलं. ते."

"उरलं?"

"जादा, आई. संख्येबाहेरचं."

टाकेबाईंनी हातातली वाटी विसळली, परत विसळली. "म्हणजे मी उरलेय."

"पगाराला काही होत नसतं त्यात. नोकरी राहते."

"नळ बंद कर. पाणी वाया चाललंय."

बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला, "सुपरबाई, डबा संपला का?" टाकेबाई बाहेर गेल्या आणि त्यांनी हसून वाढलं. हसल्या नसत्या तर उद्या सगळ्या जिन्याला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या हेडक्लार्कच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता. लोकांच्या डोळ्यांना डोळा भिडवायची वेळ आली की चष्मा पुसायला घ्यायचा, एवढंच. आजही त्याने तो पुसायला घेतला.

"त्याचं असं आहे टाकेबाई, चादरी आता बाहेरची कंपनी पुरवणार. धुऊन, इस्त्री करून आणून देणार. फाटली की ते नवी देणार. तेव्हा शिवणखोली बंद. तिथलं पद रद्द. पण माणूस रद्द करता येत नाही ना, म्हणून ते असं जादा दाखवायचं. खरं सांगू, मलाही तो शब्द शब्दकोशात बघावा लागला."

"आणि माझं काम?"

"काम तसं नाही काही. हजेरी लावायची, बसायचं. तुम्ही निवृत्त झालात की ती जागाही संपली."

"बसायचं कुठे?"

"औषधांच्या खिडकीसमोर बाक आहे. हवेशीर आहे जागा."

जागा हवेशीर होती, यात खोटं नव्हतं. टाकेबाई त्या बाकावर बसायला लागल्या, हात मांडीवर ठेवून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. औषधाला आलेली माणसं शेजारी टेकत आणि विचारपूस करत.

"काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"मग नंबर कितवा?"

"मला नंबर नाही," टाकेबाई म्हणायच्या. आणि एकदा असं म्हणता म्हणताच त्यांच्या ध्यानात आलं, की कार्डावर तरी दुसरं काय लिहिलंय.

झाडूवाल्या बायका जाता-येता म्हणत, "नशीब काढलंत हो. आम्हालाही बसवा म्हणावं असं." लिफ्टवाल्याला अर्थ कळला होता, तो आता दार पायाने अडवत नव्हता, नुसता मान खाली घालून बटण दाबायचा. त्याचं ते लाजणं टाकेबाईंना टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी नवरा समजूत घालायला गेला. "अगं, झिजलीस की इतकी वर्षं. बस आता निवांत."

"तुम्हाला उद्या डेपोत सांगितलं, टायरकडे बघत बसा, हात लावायचा नाही, तर?"

नवऱ्याने जरा विचार केला. "वेड लागेल."

"मग मला निवांत म्हणू नका."

देवासमोर बसल्यावर त्या मागणं मागणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र स्पष्ट बोलल्या. देवा, हे हात तुला जोडायला दिलेस तसे कामालाही दिलेस ना? मग नुसते जोडून बसवू नकोस.

बाकावरून समोरची एक खोली दिसायची. तिथे भाजलेली माणसं यायची. जखम भरल्यावर त्यांची कातडी जाड, दोरखंडासारखी उगवत जाते, बोटं आखडतात. म्हणून अंगावर घट्ट बसणारे, ताणले जाणारे कपडे रात्रंदिवस घालायचे असतात, म्हणजे ती कातडी दबून राहते. हातमोजे, बाह्या, गळपट्ट्या. ते बाहेरगावाहून तयार येत: लहान, मध्यम, मोठं. टाकेबाईंना बाकावर बसून दिसायचं ते एवढंच, की माणसं खोलीतून मोजा घालून बाहेर पडतात, दोन पावलं गेली की कळवळून तो काढतात आणि खिशात कोंबतात. एक उपाहारगृहातली स्वयंपाकीण होती, तिच्या दोन्ही हातांवर उकळतं तेल सांडलेलं. ती तर दारातच मोजा ओढून काढायची आणि म्हणायची, "हात माझा, माप कुणाचं कुणास ठाऊक."

अशातच एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग ती म्हणाली, "आई, एक गंमत सांगू? आज वर्गात तुझा शब्द आला. वॉर्डात आम्ही विद्यार्थिनी पण सुपरन्युमररीच."

"तुम्हीही उरलेल्या?"

"उरलेल्या नाही ग. आम्हाला कामाच्या माणसांत मोजायचंच नाही, असा नियम आहे. मोजलं तर दिवसभर बेडपॅन उचलायला लावतील आणि शिकणं राहील बाजूला. आमच्या बाई म्हणतात, तुम्ही मोजणीबाहेर आहात तोवर शिकून घ्या, एकदा मोजणीत आलात की श्वास घ्यायला सवड नाही."

"शब्द तोच? शेपटासकट?"

"शेपटासकट."

टाकेबाईंनी फोन खाली ठेवला. नवऱ्याने विचारलं, काय म्हणत होती? त्या म्हणाल्या, "काही नाही, शाळेत जायचंय उद्यापासून." आणि मनाशी त्यांनी गाठ मारली, शिवणीच्या शेवटी मारतात तशी, उलट टाका घालून.

दुसऱ्या दिवशी त्या बाकावर टेकल्याच नाहीत. सरळ समोरच्या खोलीत गेल्या. तिथल्या थेरपीबाई वयाने त्यांच्या मुलीहून थोड्याच मोठ्या, बोलायला तुटक.

"मी शिकायला आलेय," टाकेबाई म्हणाल्या. "हे मोजे इथे शिवता येतील का, ते शिकायचंय."

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

टाकेबाईंनी कार्ड पुढे केलं. थेरपीबाईंनी वाचलं आणि त्या जरा अवघडल्या. "मावशी, याचा अर्थ..."

"ठाऊक आहे. जादा. पण माझ्या मुलीलाही तिच्या वॉर्डात हेच म्हणतात, आणि ती तिथे शिकते. मग मी बाकावर का बसू?"

थेरपीबाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. "हे चादर शिवण्यासारखं नाही हं."

"म्हणून तर शिकायचं म्हटलं."

आणि खरंच ते चादरीसारखं नव्हतं. ते कापड ओढलं की लांब, सोडलं की आखूड, हट्टी पोरासारखं. काळ्या मशीनवर घातलं तर सरळ टाका ताणाबरोबर तटातट तुटायचा. हो, काळं मशीन भंगाराच्या ढिगाऱ्यातून परत आणलं होतं. लिफ्टवाल्याने ते लिफ्टमधून वर चढवलं आणि वजन जास्त झालं म्हणून स्वतः जिन्याने आला. पण या कापडापुढे मशीनने हात टेकले. मग सगळं हाताने, नागमोडी टाक्याने. शिवण आतून आली की कोवळ्या कातडीला घासते, म्हणून ती बाहेरच्या बाजूला घ्यायची. माप घ्यायचं हाताएवढं आणि शिवायचं त्याहून कमी, पण किती कमी, ते त्या हाताने सांगायचं. इतकी वर्षं टाकेबाईंनी माप पुरेपूर धरलं होतं. आता मुद्दाम अपुरं शिवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

त्या शिवायच्या, थेरपीबाई मोजा हातावर चढवून बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या.

"नाही."

"काय चुकलं?"

"मनगटाशी सैल. दाब बसत नाही."

पुढचा मोजा. "नाही. अंगठा काळा-निळा पडेल यात."

टाकेबाई उसवायच्या आणि परत शिवायच्या. इस्पितळात बोलणं सुरू झालं की जादाच्या बाईला भलतंच वेड लागलंय. जाऊबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "आता या वयात बाहुल्यांचे मोजे शिवतेस म्हणे?" टाकेबाई म्हणाल्या, "बाहुल्या बऱ्या. त्या नाही म्हणत नाहीत." आणि जिना चढून गेल्या.

हेडक्लार्क एक दिवस खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "टाकेबाई, तुम्ही बाकावर नव्हता."

"नव्हते."

"तुमची नेमणूक या खात्यात नाही. मला विचारलं तर मी काय उत्तर देऊ?"

"भाऊसाहेब, मी कुठल्या खात्यात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग इथे बसले काय नि बाकावर बसले काय, तुमची बेरीज कुठे चुकते?"

हेडक्लार्कने चष्मा काढला, पुसायला घेतला आणि न पुसताच परत चढवला. "बेरीज चुकत नाही," तो म्हणाला. "पण हे माझ्या तोंडून ऐकलं म्हणून कुणाला सांगू नका." जाताना वळून म्हणाला, "सही मात्र वेळेवर करत जा."

थेरपीबाईंनी शेवटी स्वयंपाकिणीचं माप टाकेबाईंच्या हाती दिलं. हे सोपं म्हणून दिलं नव्हतं. तिची बोटं मुळाशी एकमेकांना चिकटत चालली होती. पुढच्या तपासणीपर्यंत तिने मोजा नीट वापरला नाही, तर बोटं सोडवायला पुन्हा ऑपरेशन होतं. आणि तयार मोजा ती काही केल्या घालत नव्हती.

टाकेबाईंनी मोजा शिवला. स्वयंपाकिणीने तो घातला आणि लगेच काढून टेबलावर टाकला.

"हा हातमोजा आहे का मांजर धरायची पिशवी?"

दुसरा शिवला. तो तिने घरी नेला आणि सकाळी आणून टाकला. "हा चावतो."

"कुठे चावतो?"

"कुठे म्हणजे? सगळीकडे."

"सगळीकडे नाही चावत. चावायचं तर एका ठिकाणी चावतो आणि माणूस सगळीकडे ओरडतो. बोट ठेवून दाखव."

स्वयंपाकीण तिखट बाई होती, पण असं उलट विचारणारं तिला बऱ्याच दिवसांत कुणी भेटलं नसावं. तिने आखडलेल्या बोटाने दुसऱ्या हाताच्या दोन बोटांमधला बेचका दाखवला. "इथे. तुमची शिवण नेमकी इथे येऊन बसते. रात्रभर सुरी लावल्यासारखं होतं. मी काय मुद्दाम काढते का? मलाही हात हवाय. भाकर हातानेच खायची ना?"

टाकेबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तो बेचका नीट बघितला. जिथे दाब सगळ्यात जास्त हवा, तिथेच शिवण होती. शिवण काढली तर दोन तुकडे जुळायचे कसे? थेरपीबाईंना विचारलं, त्यांनीही हात वर केले. तयार मोज्यांत ती तिथेच असते, म्हणाल्या.

टाकेबाईंनी कागद कापून बघितले, जुनी चादर कापून बघितली. शिवण पुढे सरकवली तर बोट वळेना, मागे नेली तर दाब बसेना. एक मोजा थेरपीबाईंनी बघण्याआधी त्यांनी स्वतःच उसवला. शेवटी पाकिटाच्या तोंडाला देतात तसा एक छोटा लांबट तुकडा त्यांनी बेचक्यात वेगळा बसवला, एका बोटाच्या कडेने उतरून दुसऱ्याच्या कडेने चढणारा. आता बेचक्यात सलग कापड होतं, आणि शिवणी दोन, दोन्ही बोटांच्या पाठीला. टाके घालताना डोळ्यांतून पाणी यायचं, इतकी बारीक जागा. पहिला टाका घालण्याआधी त्यांनी डोळे मिटले, आणि या वेळी नाव मोठ्याने घेतलं. थेरपीबाई टेबलाशी बसून होत्या, ऐकू दे.

स्वयंपाकीण आली. मोजा चढवायला वेळ लागला, लागायलाच हवा होता. तिने मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं पसरली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती मोज्याकडे.

"काय?" टाकेबाईंनी विचारलं.

"थांबा, चावायला वेळ तरी द्या त्याला."

ती खोलीत फिरली. बाहेर व्हरांड्यात गेली, बाकावर बसली, परत आली. मोज्याच्या कडेला दोऱ्याचं एक टोक लोंबत राहिलं होतं. टेबलावर कात्री होती. तिने मोज्यातल्या हाताने ती उचलली, एकदा निसटली, परत उचलली, आणि स्वतःच ते टोक कापलं.

"नाही चावत."

"खरं सांग हं."

"आधीचे दोन तोंडावर टाकले ना तुमच्या? मग आताच कशाला भीड धरू?" ती म्हणाली. "दुसऱ्या हाताचा कधी देताय?"

थेरपीबाईंनी दाब तपासला, अंगठा तपासला, मनगट तपासलं. नाही म्हणाल्या नाहीत. कपाट उघडून ताणाच्या कापडाचा सगळा गठ्ठाच त्यांनी टाकेबाईंच्या बाजूला सरकवला.

तपासणीला स्वयंपाकिणीचे दोन्ही हात मोज्यांत गेले आणि ऑपरेशनचं बोलणं मागे पडलं. मग आणखी माणसं आली, एकाची बाही, एकीची गळपट्टी. थेरपीबाईंनी वर लिहून पाठवलं, की या कामाला कायमचं पद द्या. उत्तर अजून आलेलं नाही. तशी घाई कुणालाच दिसत नाही, टाकेबाई सोडल्या तर. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्या जातील तेव्हा मोजे थांबता कामा नयेत, आणि हे त्या थेरपीबाईंना आठवड्याला एकदा तरी ऐकवतात. मधल्या काळात थेरपीबाईंनाही त्यांनी नागमोडी टाका शिकायला बसवलंय. थेरपीबाईंचा टाका अजून वाकडा येतो, आणि टाकेबाई तो हातात घेऊन शांतपणे म्हणतात, "नाही."

मुलगी परीक्षा पास झाली आणि तिला वॉर्ड मिळाला. तिचा फोन आला. "आई, माझं सुपर गेलं. आता मी मोजणीत."

"श्वास घ्यायला सवड मिळते का?"

"नाही."

"मग खरंच मोजणीत आलीस. देवाची कृपा. माझं आहे तसंच आहे ग. हेडक्लार्क म्हणत होता, कार्डावरचा शब्द बदलून 'शिवणकाम' करून देतो, वाईट दिसतं ते. मी म्हटलं, पद आलं की बदला, तोवर राहू दे. त्या शब्दावर इथे बसलेय मी. तो काढलात तर उद्या कुणी विचारेल, इथे कशा."

कार्ड त्यांच्या गळ्यात असतंच. पण शिवायला वाकलं की ते टाक्याच्या मधे येतं, म्हणून टाकेबाई ते सकाळीच मागे, पाठीवर टाकून देतात. मापाला आलेली माणसं मागे उभी राहून तो लांब शब्द वाचायला बघतात आणि मधेच अडखळतात.

"मावशी, हे काय लिहिलंय?"

"वरची," टाकेबाई मान न वळवता सांगतात. "हात पुढे करा."